आईचा ब्लॉक

आमच्या कामात माणसाला नाव नसतं, नंबर असतो. कॅसेटच्या, म्हणजे तपासायचा तुकडा ठेवायच्या प्लास्टिकच्या डबीच्या, तिरक्या कडेवर पेन्सिलीने लिहिलेला. पेन्सिलीनेच, कारण पेनाची शाई झायलीनमध्ये विरघळून जाते. गोव्यात फोंड्यातल्या एका लॅबमध्ये मी एकवीस वर्षं असे नंबर कापते आहे. त्या सकाळी बर्फाच्या ट्रेवर सहा ब्लॉक, म्हणजे तुकडा बसवलेल्या मेणाच्या वड्या, पालथे पडले होते. त्यातला चौथा आणि पाचवा माझ्या आईचा होता.

"तू नको कापू. दुसरीला दे," मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्ट.

"दुसरी नवीन आहे, मॅडम. ट्रिमिंगमध्येच निम्मा टिश्यू घालवेल."

हे खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला ते ब्लॉक दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचे नव्हते.

आईचा खोकला सुरू झाला तो गणेश चवथीनंतर. आई बासष्ट वर्षांची, साखळीजवळच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, दादाबरोबर राहते. विडी-तंबाखूला उभ्या जन्मात हात लावलेला नाही. (पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला, "ओढायची का?" जसं काही उत्तर हो आलं असतं तर त्यांचं समाधान झालं असतं.) एक्स-रेत उजव्या बाजूला वर डाग दिसला. ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरांनी वरचा डाग म्हणजे टीबीच असं धरून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केली. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. ते दोन्ही कागद मी माझ्या हाताने फाइलला लावले आणि गप्प बसले. डॉक्टरांचा राग येतोच, पण मी लॅबमधली बाई, मला तोंड नव्हतं का? दोन महिने आई नारिंगी लघवी बघत बसली, जेवणावरची वासना गेली, खोकला होता तिथेच राहिला आणि वर पाठ दुखायला लागली.

सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खणात साडेतीन सेंटिमीटरची गाठ निघाली. कडा गुळगुळीत नव्हत्या, चहूबाजूंनी बारीक किरण सुटलेले. पाठीच्या एका मणक्यातही डाग. रिपोर्टमधले शब्द मी रोज टाइप झालेले बघते, त्यामुळे पहिल्या पानावरच कळलं.

मग तुकडा कुठून घ्यायचा यावर खल झाला. दुखत होती पाठ, म्हणून एकाचं म्हणणं मणक्यातूनच घ्या, म्हणजे पसरलंय हेही सिद्ध होईल. मॅडमनी फोनवरच मला थांबवलं. "हाड आलं तर तुलाच ते ॲसिडमध्ये मऊ करावं लागेल. ॲसिडने डीएनएची वाट लागते. जीन टेस्ट करायची असेल तर फुप्फुसातला तुकडा आण." ही गोष्ट इतकी साधी आणि इतकी महत्त्वाची, पण नातेवाइकांना कोण सांगतं? मी त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला काम करते म्हणून मला कळलं.

सीटीवर बघत बघत सुई घातली. "श्वास धरा" म्हटलं की आई डोळेही मिटून घ्यायची. चार दोरे निघाले, शेवयांच्या तुकड्यांसारखे, प्रत्येकी जेमतेम सेंटिमीटरभर. फुप्फुसाला भोक पडून हवा तर शिरली नाही ना हे बघायला तिला चार तास झोपवून ठेवलं. दोरे घातलेली फॉर्मालिनची ती छोटी बाटली पदराखाली धरून मी दादाच्या स्कूटरवर मागे बसले आणि फोंड्याला आले. वाटेत दादा एकदाच बोलला, "सांडूं नाका." घरात आम्ही कोंकणी बोलतो. इथे सगळ्यांची वाक्यं मराठीत आणली आहेत, एखादं तसंच राहिलं असेल तर राहू दे.

दोरे दोन-दोन करून दोन कॅसेटमध्ये घातले. फुप्फुसाच्या छोट्या बायोप्सीत ही काळजी घ्यावीच लागते, कारण एक ब्लॉक निदानात संपला तर जीन टेस्टसाठी दुसरा हातात असावा. रात्रभर मशीनमध्ये अल्कोहोल, झायलीन, मेण.

सकाळी मायक्रोटोमला, म्हणजे काप काढायच्या मशीनला, नवीन पातं लावलं. आधीच्या पेशंटच्या पेशीचा कणभरही तुकडा पात्यावर राहायला नको. चाक फिरवलं. तीन मायक्रॉनचा काप, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशीच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी जाडीचा. मेणाची पट्टी पात्यावरून सरकत बाहेर येते, एकाला एक जोडलेले चौकोन, प्रत्येकात दोन पांढुरक्या रेघा. ती पट्टी ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडायची. सुरकुत्या आपोआप उलगडतात. मग काच पाण्यात तिरकी घालून खालून उचलायची. हे मी लाखभर वेळा तरी केलं असेल. त्या दिवशी पहिल्या पट्टीला माझा श्वास लागून ती दुमडली. दोन काप गेले. आईचे दोन काप. मी चाकाला कुलूप घातलं, बाहेर जाऊन पाणी पिऊन आले आणि मग सगळ्या काचा एकाच बैठकीत कापून काढल्या: एक साध्या रंगासाठी, चार इम्युनोसाठी (पेशी कुठल्या जातीची ते सांगणारे खास रंग), दहा कोऱ्या जीन टेस्टसाठी. ब्लॉक पुन्हा पुन्हा मशीनवर चढवला की दर वेळी पातळी जुळवताना टिश्यू वाया जातो. असं केलं तर एकदाच जातो.

संध्याकाळी मॅडमनी मला दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर समोर बसवलं. इम्युनोतला टीटीएफ-१ हा रंग पेशींच्या केंद्रकांत तपकिरी उतरला होता, पी-४० कोरा होता. म्हणजे कॅन्सर फुप्फुसातलाच, ॲडिनोकार्सिनोमा जातीचा. तेवढं मलाही कळत होतं. पण त्यांनी साधी गुलाबी-जांभळी काच लावली आणि बाण एका जागी आणून ठेवला. गाठीच्या कडेला, मधल्या तंतूंच्या पट्ट्यात, पाच-सहा पेशींची एक रांग बाहेरच्या दिशेने गेलेली. पुढची पेशी लांबट, ताणलेली. मागच्या एकमेकींना चिकटून.

"एकट्या जात नाहीत बघ," मॅडम म्हणाल्या. "घोळक्याने जातात."

एकवीस वर्षं मी काचा बनवल्या, पण माझ्या डोक्यात कॅन्सर म्हणजे नुसतं वाढणं होतं, उतू जाणाऱ्या दुधासारखं. जागा कमी पडली की बाहेर. ती रांग उतू गेलेली दिसत नव्हती. ती वाटेने निघालेली दिसत होती.

कोऱ्या काचा कुरियरने मुंबईला गेल्या. रिपोर्टला दहा-बारा दिवस. त्या दिवसांत मी जे जे वाचलं ते आधी कधी वाचलं नव्हतं. मॅडमनी दिलेला एक शोधनिबंध २०१७चा, अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठातला. तिथल्या लोकांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींत एक प्रथिन घातलं, जे एरवी हिरवं चमकतं आणि लेझरचा झोत पडला की तांबडं होतं. पेशींचा गोळा जेलमध्ये ठेवला. त्यातून रांगा बाहेर पडायला लागल्या की फक्त रांगेच्या तोंडाच्या पेशीवर झोत टाकायचा. ती तांबडी झाली की वेगळी काढायची आणि वाढवायची. मागच्याही तशाच वेगळ्या काढायच्या. पुढच्यांना त्यांनी नाव दिलं पुढारी, मागच्यांना अनुयायी.

अनुयायी एकट्या ठेवल्या तर गोळा करून बसून राहतात, रस्ता काढणं त्यांना जमत नाही. पुढारी रस्ता काढतात, पण एकट्या त्या नीट वाढत नाहीत, विभागताना अडखळतात. दोघी एकत्र आल्या की मात्र काम होतं. पुढारी पेशी व्हीईजीएफ नावाचा रेणू सोडतात. हा रेणू एरवी रक्तवाहिन्यांना 'इकडे फांदी काढा' म्हणून सांगणारा. इथे त्याच हाकेवर अनुयायी मागोमाग निघतात. आणि अनुयायी उलट असं काही सोडतात की पुढाऱ्यांची वाढ सुधारते. देवघेव आहे ही.

पुढारी हा शब्द वाचून मला हसू आलं, कारण गोव्यात पुढारी म्हटला की पाठोपाठ पक्षांतर आलंच. आणि पेशींतही ते आहे! फुप्फुसाच्या अस्तराच्या पेशी मुळात शेजारणींना घट्ट धरून बसणाऱ्या. आजूबाजूच्या पेशींकडून टीजीएफ-बीटासारख्या रेणूचा निरोप आला की त्या धरलेला हात सोडतात, आकार बदलतात, हिंडत्या पेशींचं रूप घेतात. नव्या जागी पोचल्यावर पुष्कळदा परत मूळ रूपात येतात आणि संसार थाटतात. पक्ष बदलायचा, काम झालं की घरवापसी.

आईला यातलं काय सांगायचं? दादाचं मत काहीच सांगू नये. "टीबी बिघडला म्हणून सांग." आठवडाभर आम्ही तिच्यासमोर टीबीच म्हणत होतो आणि ती ऐकून घेत होती. एका दुपारी पोफळीच्या झावळ्या ओढता ओढता ती मला म्हणाली, "फुप्फुसात होतं ना? मग पाठीत कसं गेलं?"

टीबी मणक्यातही होतो, तसं सांगून सुटता आलं असतं. पण तिने माझ्याकडे बघून विचारलं नव्हतं, झावळीकडे बघत विचारलं होतं. तिला काय विचारायचं ते तिला ठाऊक होतं. मी सांगितलं. बी सगळीकडे पडतं, पण रुजतं जमीन मानवेल तिथेच, असं. हे मूळचं इंग्लंडच्या स्टीफन पॅजेट या सर्जनचं. त्याने १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरच्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या आणि दाखवलं की गाठी कुठेही वाटेल तशा जात नाहीत, ठराविक अवयव निवडतात. मी तिला काजूचं उदाहरण दिलं. काजू डोंगरावर येतो, खाजनात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या सखल शेतात, नाही.

आई म्हणाली, "पोफळ लावायच्या आधी आपण केळ लावतो. सावली झाली की मग रोप."

मी झावळी खाली ठेवली. कारण पॅजेटच्या पुढे शंभरावर वर्षांनी शास्त्रज्ञांना जे सापडलं ते हेच. गाठ जागेवर असतानाच रक्तातून निरोप पाठवते. एक्सोसोम म्हणजे पेशीने सोडलेल्या बारीक पिशव्या, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या, आत प्रथिनं आणि आरएनए भरलेल्या. न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या प्रयोगशाळेने २०१५मध्ये दाखवलं की या पिशव्यांच्या पृष्ठभागावरची इंटिग्रिन नावाची प्रथिनं पत्त्यासारखं काम करतात. एका जातीचं इंटिग्रिन असलं तर पिशव्या फुप्फुसात उतरतात, दुसऱ्या जातीचं असलं तर यकृतात. उतरल्यावर तिथल्या पेशींना वळवून घेतात, जागा तयार करतात. कॅन्सरची पेशी नंतर येते. आधी केळ, मग पोफळ.

"म्हणजे आता टीबीच्या गोळ्या बंद ना?" आईने विचारलं. तिला खरी मतलबाची गोष्ट तेवढीच होती.

अकराव्या दिवशी मुंबईचा मेल आला. ईजीएफआर, एक्झॉन १९ डिलिशन, म्हणजे ईजीएफआर नावाच्या जीनमधला एक तुकडा गळालेला. मी खुर्चीत मागे टेकले. बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण स्टेज चारच्या घरात ही बातमी आनंदाची असते. भारतात ॲडिनोकार्सिनोमाच्या साधारण चौथाई ते एक तृतीयांश रुग्णांत ईजीएफआरमध्ये बदल सापडतो. न ओढणाऱ्या बायकांत त्याहून जास्त. आणि त्यावर गोळी आहे.

दादाला समजावताना मी पंपाचंच सांगितलं. आमच्या कुळागरात वरच्या टाकीला फ्लोट आहे. पाणी कमी झालं की फ्लोट खाली जातो, पंप सुरू. भरलं की वर येतो, पंप बंद. ईजीएफआर हा पेशीच्या अंगावरचा तसा फ्लोट. बाहेरून ईजीएफचा रेणू येऊन टेकला की दोन ईजीएफआर जोडीने जवळ येतात, आतल्या बाजूला फॉस्फेट चिकटतात आणि 'विभाग, वाढ, मरू नकोस' असा हुकूम आत जातो. रेणू गेला की हुकूम थांबतो. आईच्या पेशींत फ्लोट खालीच अडकला होता. कुणी निरोप दिला नाही तरी पंप चालूच. गोळी जाऊन पंपाची वायरच धरून बसते.

"मग दुरुस्त झालं की," दादा म्हणाला. नाही. पंप बंद होतो, फ्लोट तसाच अडकलेला राहतो. आणि हा आजार दुसरा पंप शोधतो. जुन्या गोळ्यांवर निम्म्याहून अधिक रुग्णांत टी-७९०-एम नावाचा नवा बदल येऊन गोळी निकामी व्हायची. त्यावर ऑसिमर्टिनिब ही नवी गोळी निघाली. तिलाही चकवणाऱ्या वाटा आहेतच. त्यातली एक मेट नावाच्या दुसऱ्याच रिसेप्टरची, म्हणजे पेशीच्या अंगावरच्या दुसऱ्या फ्लोटची. त्याला बोलावणारा रेणू शेजारच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतू बनवणाऱ्या, पेशी सोडतात, आणि त्याचं जुनं नाव स्कॅटर फॅक्टर, पांगवणारा. १९८०च्या दशकात तो सापडला तोच असा: फायब्रोब्लास्ट वाढवलेलं नुसतं पाणी दुसऱ्या पेशींवर घातलं तर चिकटून बसलेल्या पेशी पांगायला लागल्या. हे मी दादाला सांगितलं नाही. तेव्हा नाहीच.

मेंदूच्या एमआरआयत मटारापेक्षा लहान दोन ठिपके होते. म्हणून डॉक्टर ऑसिमर्टिनिबवर ठाम होते, ते मेंदूत चांगलं पोचतं. २०१८मध्ये छापून आलेल्या मोठ्या चाचणीत या गोळीवर निम्म्या रुग्णांत आजार १८.९ महिने किंवा जास्त आटोक्यात राहिला होता, जुन्या गोळ्यांवर १०.२. किंमत ऐकून दादाने खुर्ची मागे सरकवली. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात या औषधावरचं सीमाशुल्क उठलं, तरी महिन्याचा आकडा आमच्या वर्षाच्या सुपारीला भारी. कंपनीची योजना, अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधारची झेरॉक्स, पुन्हा तीच झेरॉक्स. यावर लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे.

हाडासाठी दर महिन्याला झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन द्यायचं ठरलं, पण आधी दंतवैद्याकडे पाठवलं. मला वाटलं चिठ्ठी चुकून दुसऱ्या पेशंटची आली. चूक नव्हती. हे औषध हाड खाणाऱ्या पेशींना आवरतं. कॅन्सरची पेशी हाडात गेली की स्वतः हाड पोखरत नाही. ती हाड बांधणाऱ्या पेशींना निरोप देते, त्या हाड खाणाऱ्यांना उठवतात, हाड झिजतं, आणि हाडात साठवलेलं टीजीएफ-बीटा बाहेर पडून कॅन्सरच्याच पेशीला पोसतं. चक्र तिथे तोडायचं. पण खाणाऱ्या पेशी आवरल्या की जबड्याचं हाडही स्वतःला दुरुस्त करेनासं होतं. अशा वेळी दात काढला तर जखम चिघळते. म्हणून दात आधी. आईची एक किडकी दाढ होती. ती काढली, जखम भरेपर्यंत थांबलो. "पाठीच्या दुखण्याला दात काढणारी मी पहिलीच असेन," असं तिने शेजारच्या काकींना सांगितलं.

गोळी रोज एक, ८० मिलिग्रॅम. तीन आठवड्यांत खोकला इतका उतरला की रात्री घर शांत वाटून दादाला जाग यायची. शिगम्याला रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांची मिरवणूक, बघायला ती दारात खुर्ची टाकून बसली. तीन महिन्यांच्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून लहान, मेंदूतले ठिपके दिसत नव्हते.

पण अंग बोलायला लागलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना पुटकुळ्या, जुलाब, पायाच्या अंगठ्याचं नख कडेला सुजून लाल. गोळीला माहीत असतं का, की हा ईजीएफआर कॅन्सरचा आणि हा नखाच्या मुळाचा? नव्या गोळ्या बऱ्याच नेम धरून मारतात, तरी थोडी झळ त्वचेला लागतेच, कारण त्वचा, केस, आतड्याचं अस्तर हे सगळे याच निरोपावर जगतात. ईजीएफ सापडलं तेही कॅन्सरमध्ये नाहीच. स्टॅनली कोहेन उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचत होते, दुसऱ्याच रेणूच्या शोधात. पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले. दातही लवकर फुटले. त्या अर्कात काय आहे ते शोधत त्यांनी १९६२मध्ये हे प्रथिन वेगळं काढलं आणि १९८६मध्ये रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं.

हे सगळं मला आठवलं ते मेमध्ये, आई डोळा चोळत म्हणाली, "सारखं काहीतरी टोचतंय." मी तिला खिडकीपाशी नेलं. पापण्यांचे केस वाढले होते. चांगले लांब, वेडेवाकडे, काही आत वळलेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितलं, बुबुळाला ओरखडा नाही म्हणाले, जे आत वळलेत ते त्यांनी कापून दिले आणि बाकीचे बोथट टोकाच्या कात्रीने घरी कापायला हरकत नाही म्हणाले.

आता दर दुसऱ्या रविवारी मी साखळीला जाते. आई पडवीत खुर्चीवर बसते, मान मागे टाकून डोळे मिटते. मी कात्रीला व्हॅसलीन लावते, म्हणजे कापलेले केस पात्यालाच चिकटतात, डोळ्यात पडत नाहीत.

"श्वास धरू?" ती विचारते.

"तू नको. मी धरते."